पाखराला दिलेली संधी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेला आमचा एक भाचा आहे. त्याच्या कचेरीतली मंडळी दर हिवाळ्यात लाव्यांच्या शिकारीला जातात आणि यंदा त्यांनी त्यालाही आमंत्रण दिले. मुलगा शब्बाथ पाळणारा, घरात कोशेर सांभाळणारा. मनात शंका आली म्हणून त्याने आम्हाला विचारले. मात्र विचारताना आपली बाजूही मांडून ठेवली. "मामा," तो म्हणाला, "ही माणसं कत्तल करायला जात नाहीत. मोठी बारा बोअरची बंदूक ती हातातही घेत नाहीत. अठ्ठावीस बोअर, नाहीतर त्याहून बारीक चारशेदहा. पाखराला निसटायची पुरेपूर संधी ठेवतात. मग यात अन्याय तो कुठे?"

प्रश्न सोपा वाटला तरी त्याचे उत्तर झटकन देता येईना. शिकार करावी की न करावी यावर आपल्या धर्मात बोलणी झालेली आहेत. ती पुढे येतीलच. पण "पाखराला संधी" हा शब्दप्रयोग आमच्या मनात घर करून बसला. ही संधी म्हणजे नेमके काय, ती कोण कोणाला देतो, आणि तिची किंमत कोण भरतो, हे आधी पाहिले पाहिजे असे आम्हाला वाटले.

ज्यांचा बंदुकीशी संबंध सैन्यातल्या रायफलीपुरताच आला (आणि इथे इस्राएलात तो कोणाच्या घरात आलेला नाही?) त्यांच्यासाठी दोन शब्द. पाखरांसाठी वापरतात ती छऱ्याची बंदूक. तिच्या काडतुसात एक गोळी नसते, तर शेकडो बारीक छरे असतात, आणि ते नळीबाहेर पडताच पसरत जातात. "बोअर" मोजण्याची रीत जुनी व जरा उफराटी आहे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची. अठ्ठावीस गोळे केले तर अठ्ठावीस बोअरची. म्हणजे आकडा मोठा तेवढी नळी बारीक. बारा बोअरची नळी साधारण १८.५ मिलिमीटर रुंद असते, अठ्ठावीसची १४ मिलिमीटर. चारशेदहा हा मात्र बोअरचा हिशेब नव्हे. तो इंचाच्या हजारांशातला नळीचा व्यास, म्हणजे साडेदहा मिलिमीटरलाही किंचित कमी. इंग्लंडात जमीनदाराच्या मुलाच्या हाती पहिली बंदूक म्हणून हीच देत, कारण ती वजनाला हलकी व खांद्याला धक्का कमी देणारी.

आता खरी गोष्ट काडतुसात आहे. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सव्वा तोळ्यांच्या दुपटीहून जास्त, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम शिसे भरतात. अमेरिकेतल्या साडेसात नंबरच्या छऱ्यांचा हिशेब केला तर ते साधारण ३९० छरे होतात. अठ्ठावीस बोअरमध्ये सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे २६० छरे. चारशेदहाच्या आखूड काडतुसात अवघे १४ ग्रॅम, म्हणजे १७५ छरे. पुष्कळांचा असा समज असतो की बारीक बंदुकीचा छरा हळू जातो व कमी लागतो. तसे काही नाही. प्रत्येक छऱ्याचा जोर जवळजवळ तेवढाच असतो. फक्त त्यांची संख्या कमी. त्यामुळे जवळच्या पल्ल्यात, वीस-पंचवीस यार्डांत, अठ्ठावीस बोअरची बंदूक नेमबाजाच्या हाती आपले काम चोख करते. जॉर्जियातली ती शिकार तशाच पल्ल्याची असते. पाइन वृक्षांच्या विरळ रानात कुत्रा वासावर थबकतो, माणसे पुढे होतात, आणि गवतातून दहा-पंधरा बॉबव्हाइट लाव्यांचा थवा एकदम पायांखालून उठावा तसा भर्रकन उडतो. दोन-तीन सेकंदांचा सारा खेळ.

परंतु पल्ला जरा वाढला की गणित बदलते. छरे दूर जाता जाता पसरतात, मधल्या फटी रुंदावतात. पाखरू जागच्या जागी मरायचे तर त्याच्या अंगात निदान तीन-चार छरे मर्मस्थानी बसले पाहिजेत, असा शिकाऱ्यांचाच अनुभव आहे. चारशेदहाच्या १७५ छऱ्यांच्या जाळीत तीस-पस्तीस यार्डांवर एवढ्या फटी पडतात की लाव्याएवढे पाखरू त्यातून निसटू शकते. ही झाली ती "संधी". पण निसटणे म्हणजे दर वेळी सुखरूप निसटणे नव्हे. अनेकदा एखादाच छरा लागतो. पाखरू हेलकावते, सावरते, झाडीपलीकडे जाते. शिकारी म्हणतो, "चुकलो," आणि दुसरे काडतूस भरतो. पाखरू त्या रात्री कुठल्यातरी झुडपाखाली पंख लोंबवीत बसलेले असते; कोल्ह्याने नेले तर लवकर सुटले म्हणायचे.

हे आम्ही भावनेच्या भरात लिहीत नाही. डेन्मार्कमध्ये १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या संशोधकांनी गुलाबी पायांचे रानहंस जिवंत पकडून त्यांचे क्ष-किरण फोटो काढले. प्रौढ हंसांपैकी साधारण एक-तृतीयांशांच्या अंगात छरे सापडले. म्हणजे हे सगळे "चुकलेले" नेम होते, आणि हे तर जगलेले हंस. मेलेल्यांची मोजदाद कोण करणार? त्या देशाच्या शिकाऱ्यांचे कौतुक एवढ्यासाठी केले पाहिजे की त्यांनी हे आकडे नाकारले नाहीत. १९९७ साली मोहीम काढली, एकमेकांना बजावले की दुरून बार टाकायचा नाही, आणि पुढे जखमी पाखरांचे प्रमाण खरोखर उतरले. लक्षात घ्या, त्यांनी पाखराला "संधी" वाढवली नाही, उलट ती कमी केली. जवळ जा, नाहीतर बारच टाकू नकोस, असा त्यांचा उपाय.

म्हणूनच आम्हाला भाच्याच्या युक्तिवादातली पहिली खोट तिथे दिसते. हातात हलकी बंदूक घेणे हा माणसाने स्वतःवर घातलेला निर्बंध खरा. त्यात त्याच्या कौशल्याची कसोटी लागते, हेही खरे. क्रिकेटमध्ये एखाद्याने डाव्या हाताने खेळून दाखवावे तसे. पण क्रिकेटमध्ये समोरचा गडी आपखुशीने मैदानात उतरलेला असतो. लाव्याने कोणत्या कागदावर सही केली? खेळाडूपणा हा शब्द दोघांमध्ये शोभतो. इथे खेळणारा एकटाच आहे. त्याने आपला नेम कठीण करून घेतला की त्या काठिण्याचा भुर्दंड तो भरत नाही, पाखरू भरते. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव, असे आपल्या आज्या म्हणत, त्यात आणखी एवढेच घालावे लागेल की इथे मांजर मिशीवर ताव देऊन म्हणते, मी एका पायाने खेळलो.

याच्या शेजारी आपल्या शोहेताचा हलाफ ठेवून पाहा. कापण्यापूर्वी तो सुरीची धार नखावर व बोटाच्या मांसल भागावर फिरवून तपासतो. केसाएवढी खाच लागली तरी ती सुरी बाद. कापून झाल्यावर पुन्हा तपासतो, आणि तेव्हा खाच आढळली तर मांस नवेला. त्याच्या हातात थांबणे नाही, दाबणे नाही. आपल्या शास्त्राने कसबाची व्याख्याच वेगळी केली आहे. इथे कसब म्हणजे जनावराला "संधी" ठेवणे नव्हे, तर वेदनेला संधी न ठेवणे. कोंबडीला निसटायला वाव देणारा शोहेत आपण शूर म्हणणार नाही. त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढू.

शिकारीविषयी तोरा काय म्हणते? शिकार हा शब्दच तिला अपरिचित आहे असे नव्हे. लेवीयच्या सतराव्या अध्यायात पशू किंवा पक्षी शिकार करून धरला तर त्याचे रक्त ओतून मातीने झाकावे अशी आज्ञा आहे. म्हणजे रानातला प्राणी धरणे मान्य, पण तो जिवंत धरून गळ्यावर सुरी फिरवूनच खायचा. बंदुकीने पाडलेले पाखरू पडताक्षणी मेले तर ते नवेला, आणि धुगधुगी असताना हाती आले तरी छरे आत गेलेले म्हणून तरेफा. लावा मुळात शुद्ध पक्षी. रानात मोशे राबेनूंच्या लोकांपुढे समुद्रावरून आलेले तेच पाखरू. बंदूक त्याला अशुद्ध करते. तेव्हा भाच्याने मारलेला लावा भाच्याच्या ताटात येऊ शकत नाही, एवढे तर पहिल्या मिनिटाला ठरते. मग तो मारायचा कशासाठी, हा खरा प्रश्न उरतो.

आमच्या लहानपणी कोकणात शेजारच्या वाडीतल्या एका हौशी गृहस्थाने दोन तितर आमच्या घरी प्रेमाने पाठवले होते. ठासणीच्या बंदुकीने पाडलेले, ओले, चोचीत रक्त. आजीने ते परत पाठवले नाहीत, कारण देणाऱ्याचा मान राखायचा. पाटीत घेतले, गूळ-खोबरे देऊन गड्याला वाटेला लावले, आणि संध्याकाळी तितर मळ्यातल्या मजुराच्या घरी गेले. आम्ही विचारले, "आजी, आपण का नाही खात?" ती म्हणाली, "त्याच्या गळ्याला सुरी कुठं लागली, बाळा?" एवढेच. तिला हिब्रू वाचता येत नव्हते. दाविद राहाबीने आपल्या बायकांपुढे मासळी ठेवून परीक्षा घेतली आणि त्यांनी पर व खवले असलेली तेवढीच वेचून काढली, ही कथा आपण सगळे सांगतो. तीच परंपरा पाटीतल्या तितरापर्यंत आली होती.

तोरात नाव घेऊन सांगितलेले शिकारी दोनच, निम्रोद आणि एसाव, आणि दोघेही आपल्या बाजूचे नव्हेत. परंतु वाचकहो, एक अडचणीची गोष्ट इथे गाळून चालणार नाही. आपला पिता इसहाक याला एसावाच्या शिकारीचे मांस आवडत असे, आणि त्या आवडीवरून पुढे आशीर्वादाचा सारा घोटाळा झाला. राशीला ही अडचण जाणवली असावी. "तुझी हत्यारे घे" या अर्थाच्या शब्दांवर तो भाष्य करतो की इसहाकाने मुलाला सुरीला धार लावून नीट कापायला सांगितले, म्हणजे नवेला खायला घालू नये. धनुष्यबाण घेऊन निघालेल्या मुलालाही बाप सुरीची आठवण देतो, असे राशीने वाचले. आम्हाला हे वाचन मोठे मार्मिक वाटते.

अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ (१७१३–१७९३) यांच्याकडे जवळजवळ भाच्याचाच प्रश्न आला होता. एका श्रीमंत यहुद्याच्या मालकीची गावे व राने होती; त्याने बंदूक घेऊन शिकारीला जावे काय? "नोदा बियहुदा" या त्यांच्या ग्रंथात ते उत्तर आहे. रब्बींनी कायद्याचा किस मोठ्या प्रामाणिकपणे काढला. माणसाच्या उपयोगासाठी प्राणी मारण्यावर क्रूरतेची बंदी लागत नाही, असे त्यांनी मान्य केले. पण मग नवल व्यक्त केले की अब्राहाम, इसहाक व याकोब यांच्या वंशजाला असल्या गोष्टीचा आनंद वाटतोच कसा? शिवाय श्वापदांच्या रानात जाऊन जीव धोक्यात घालणे निराळेच. पोटासाठी ज्याला हे करावे लागते त्याची गोष्ट वेगळी, त्याला मुभा, करमणुकीसाठी नाही. त्याच उत्तरात ते एका रिवाजाची आठवण देतात. नवे कपडे घालणाऱ्याला आपण "जुने होऊ दे, पुन्हा नवे घे" असा आशीर्वाद देतो, पण चामड्याच्या जोड्यांना तो देत नाहीत, कारण पुन्हा नवे जोडे म्हणजे पुन्हा एक जनावर. जोडे घालायला बंदी नाही. फक्त त्याचा आनंद मोठ्याने करायचा नाही.

पोटासाठी आणि करमणुकीसाठी हा भेद कागदावर सोपा, पण महाराष्ट्रात वाढलेल्यांना त्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. फासेपारधी तितर-लावे धरीत ते फाशांनी. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या ओरडण्यावर रानातले बोलावीत आणि बाजारात जिवंत विकत. रब्बी लांडाऊंच्या कसोटीला तो उतरतो, आणि योगायोगाने त्याने धरलेले पाखरू आपल्या शोहेताकडेही नेता आले असते. पण १८७१ च्या कायद्यापासून इंग्रज सरकारने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात केली, आणि त्याच काळात साहेब दुनळी बंदूक घेऊन पाणलाव्यांच्या मागे चिखल तुडवीत होता, त्याला मात्र खेळाडू म्हणत. शिक्का १९५२ साली कागदोपत्री पुसला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पुढे शिकार रोखली, ते योग्यच झाले, पण ज्याचे पोट त्यावर होते त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. सभ्य शिकार व असभ्य शिकार हे भेद बहुधा ज्याच्या हाती चांगली बंदूक असते तो ठरवतो.

सलीम अलींचे उदाहरण अनेकांना आठवेल. मुंबईत शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली; गळ्याशी पिवळा डाग दिसला म्हणून ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून पुढचे सारे आयुष्य घडले. बंदुकीनेच त्यांना पाखरांजवळ नेले हे ते लपवीत नसत. तेव्हा शिकारी तेवढा निर्दय, असे आम्ही म्हणणार नाही. रानाची ओळख पुष्कळांना याच वाटेने होते, आणि भाच्याच्या कचेरीतली मंडळीही लाव्यांसाठी पाइनचे रान राखतात, गवत वेळच्या वेळी जाळून नवे उगवू देतात, हे त्याने सांगितले ते खरे असणार. गेल्या साठ वर्षांत बॉबव्हाइट फार घटले, ते मुख्यतः राने व माळ गेल्यामुळे.

आणि त्याने आणखी एक गोष्ट म्हटली, ती आम्हाला बोचली. "मामा, हा लावा शेवटच्या क्षणापर्यंत मोकळा होता. तुमच्या शब्बाथच्या कोंबडीचं काय?"

याचे उत्तर आमच्यापाशी नाही. इस्राएल हा जगात सर्वात जास्त कोंबडी खाणाऱ्या देशांत मोडतो, आणि आपल्या घरांचा त्यात भरघोस वाटा आहे. नारळाच्या रसातली कोंबडी नसली तर शुक्रवारची रात्र आपल्याला अपुरी वाटते. ती कोंबडी सहा आठवडेच जगते, छपराखाली, हजारो जणींच्या गर्दीत, आणि सूर्य कसा असतो ते पाहत नाही. तिच्या गळ्यावर फिरलेली सुरी निर्दोष असेल, पण सुरीच्या आधीच्या सहा आठवड्यांना हलाफ कोण लावणार? जीव गेला कोंबडीचा आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण आपण हसत वापरतो. या देशात निदान एकदा हा प्रश्न न्यायालयापुढे धसास लागला. हंस-बदकांच्या घशात नळी घालून जबरीने चारा कोंबण्याचा मोठा धंदा इथे होता. १९९४ च्या प्राणिरक्षण कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तो बेकायदा ठरवला. मांस कोशेर होते की नाही, हा वादच नव्हता. ते मिळवण्याची रीत हा वाद होता.

म्हणून भाच्याला आम्ही जे लिहिले ते असे. आमच्या ताटाकडे बोट दाखवलेस, ते बोट बरोबर आहे आणि आम्ही ते पुसणार नाही. पण आमच्या ताटातली चूक तुझ्या बंदुकीला सूट देत नाही. आम्ही भुकेसाठी मारतो आणि त्यात हयगय करतो; तुझी मंडळी मौजेसाठी मारतात आणि त्यात काटेकोर असतात. दोहोंत कोणाचा दोष जड, हे तोलायला बसलो तर कदाचित आमचाच भरेल. तरी मौजेला बसायला तुझ्या आजोबांच्या घरात जागा नव्हती. रानात जायचे तर जा, कुत्र्यांमागून चाल, थवा उठताना पाहा. हातात बंदूक घेऊ नकोस. आणि तुझ्या मित्रांना आमच्याकडून एवढे सांग की मारायचेच असेल तर बारीक नळीचा मोठेपणा सोडा. जी बंदूक पाखराला जागच्या जागी मारील ती घ्या, जवळ जा, आणि शंका असेल तो बार टाकू नका. यात खेळ कमी होईल, होऊ दे.

राजा शाऊल मागावर असताना दाविद झीफच्या रानातून त्याला ओरडून म्हणाला होता की डोंगरात तितराच्या मागे लागावे तसा तू माझ्या मागे लागला आहेस. हिब्रूत त्या पाखराला "कोरे" म्हणतात, म्हणजे हाक मारणारा. गाणारा, लढणारा, पुढे राजा झालेला माणूस संकटात स्वतःला शिकाऱ्याच्या जागी न पाहता पाखराच्या जागी पाहतो, आणि आपण ती गोष्ट लहानपणापासून त्याच जागेवरून ऐकत आलो आहोत.

भाच्याचे उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान एक विनंती. कोकणातल्या आपल्या गावांतून, अलिबाग, पेण, रोहा, मुरुड भागातून, ज्यांच्या घरी शिकारीचे पाखरू कधी भेट म्हणून आले असेल, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याचे काय केले ते आम्हाला अवश्य लिहून कळवावे. आमच्या आजीने केले ते सर्वत्र करीत, की कुठे निराळी रीत होती, हे जाणून घेण्याची आमची इच्छा आहे, आणि ते सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.